पाऊस पडतो एकीकडे, पाणी थांबते दुसरीकडे

भूजलवेडा (धागाकर्ता) · ४ मे, रात्री ९.१०

महाबळेश्वरहून म्हसवडकडे जाणारा रस्ता मी नोकरीच्या काळात किती वेळा तुडवला असेल, याची मोजदाद नाही. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर भरेल. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे ६,००० मिमी पाऊस पडतो. घाट उतरू लागले की पाचगणीला तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, पसरणी घाट उतरून वाईत पोहोचेपर्यंत सात-आठशे मिमी उरतो आणि माण तालुक्यात गेल्यावर पाचशेच्या आसपास पडला तरी लोक ‘यंदा बरा झाला’ असे म्हणतात. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर चढतात, थंड होतात, माथ्यावरच भार रिकामा करतात आणि पलीकडे उतरताना तापून कोरडे होत जातात. हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

शाळेतील भूगोल पावसाच्या आकड्यापाशी थांबतो आणि तिथून थेट पिकांच्या यादीवर उडी मारतो. प्रत्यक्षात माणसांचे पोट पडणाऱ्या पावसावर चालत नाही. पडलेल्यापैकी जे थांबते, त्यावर चालते. ते कुठे थांबायचे आणि किती दिवस थांबायचे, हे जमिनीचा उतार आणि तिच्या पोटातील थर ठरवतात. महाबळेश्वरच्या माथ्यावरील जांभ्यात पाणी मुरते आणि त्यातून पाच नद्या निघतात असे आपण म्हणतो. तरी त्याच डोंगरांच्या उतारावरील वाड्यांतील बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन झरे शोधत फिरतात. उलट माणमध्ये मी अशा विहिरी पाहिल्या आहेत, ज्यांचे पाणी ७२ च्या दुष्काळातही आटले नव्हते, असे म्हातारी माणसे सांगतात.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून घट्ट झालेल्या लाव्ह्याचा आहे. लांबून डोंगराकडे पाहिले की पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. प्रत्येक थर सारखा नसतो. विहिरी खोदणाऱ्या वडारांना हे भूगर्भशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वर माती, मग मुरूम, त्याखाली छिद्रे आणि पांढरे ठिपके असलेला ‘मांजऱ्या’, त्याखाली बहुधा वीतभर ते हातभर जाडीचा लाल ‘गेरू’, आणि मग सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. मांजऱ्यात पाणी राहते. गेरू चिकणमातीसारखा असल्याने पाणी अडवून धरतो. काळ्या पाषाणाला भेगा नसतील, तर तो पाण्याला थाराच देत नाही. गावाच्या वाट्याला या उतरंडीतील कोणता थर आला आहे, त्यावर त्या गावात बागाईत होणार, मेंढ्या राखल्या जाणार की तरुणांना बाहेर पडावे लागणार, हे पुष्कळसे ठरते. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली. केरळात, बंगालमध्ये, तमिळनाडूत लहानशा गावीही गलाईचे दुकान असले तर ते बहुधा आपल्याच माणसाचे निघते. त्या स्थलांतराच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा काळा पाषाणही आहे, असे माझे मत आहे.

सभासदांना विनंती अशी की आपापल्या मुलखाविषयी लिहावे. जमीन कशी आहे, पाणी कुठे थांबते आणि माणसे कशावर जगतात. राज्याबाहेर राहणाऱ्यांनी तर आवर्जून लिहावे.

माणदेशी_पाव्हणा · ४ मे, रात्री १०.३५

धागा अगदी वेळेवर आला आहे. आमच्या शेतात दोन विहिरी आहेत. वरची आजोबांनी खोदली. ती सहा परस (परस म्हणजे पुरुषभर उंची, सुमारे सहा फूट) खोल आहे आणि मे अखेरपर्यंत तिला कंबरभर का होईना, पाणी असते. खालची वडील आणि चुलते यांनी मिळून कर्ज काढून खोदली. ती उताराला आहे, ओढ्याच्या जवळ आहे, वरच्या विहिरीपेक्षा दोन परस अधिक खोल आहे, तरीही होळीच्या सुमारास कोरडी पडते. दोन्हींत दोनशे फुटांचेही अंतर नाही. पाणी उताराकडे जाते, हे लहान मुलालाही कळते. मग खालची विहीर कोरडी आणि वरची ओली, हे कसे? खालच्या विहिरीची जागा एका पाणाड्याने नारळ फिरवून दाखवली होती, हेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. चुलत्यांनी आता त्याच विहिरीत तीनशे फुटी बोअर घेण्याचे ठरवले आहे.

भूजलवेडा · ५ मे, सकाळी ७.५०

बोअर घेण्याआधी एक काम करावे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन विहिरीत उतरते तेव्हा, दोन्ही विहिरींच्या भिंती वरपासून खालपर्यंत नीट पाहाव्यात. कोणत्या खोलीवर कोणता दगड आहे, लाल पट्टा दिसतो का, दिसत असल्यास तो कितव्या पायरीवर आहे आणि भिंतीला ओल कुठे सुटते, हे वहीत लिहून ठेवावे. दोन्ही विहिरींच्या काठांत उंचीचा फरक किती आहे, हेही मोजावे; प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, तीच पद्धत पुरेशी आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच असेल, असा माझा अंदाज आहे.

सड्यावरचा · ५ मे, दुपारी १.१५

मी रत्नागिरी तालुक्यातील. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, म्हणजे पाऊस भरपूर पडतो, तीन हजार मिमीच्या खाली सहसा जात नाही आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो. मुंबईकर पाहुण्यांना हे पटत नाही. त्यांना सड्यावर न्यावे लागते.

सडा म्हणजे जांभ्याचे सपाट, उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले दिसतात, परंतु दिवाळीनंतर काळवंडलेला कातळ तेवढा उरतो. जांभा सच्छिद्र आहे. पडलेले पाणी तो गटागटा पितो. पण पितो तितकेच सोडूनही देतो. जांभ्याखाली मऊ मातीचा थर असतो आणि तिथवर उतरलेले पाणी त्या थरावर अडून आडवे सरकते, सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातील जुन्या वाड्यांची जागा पाहावी. सड्यावर घर नाही, झऱ्याखाली घर आहे, घराखाली पाट, पाटाखाली नारळी-पोफळी आणि सर्वांत खाली भाताचे मळे. हा क्रम कोणी कागदावर आखलेला नाही. पाणी ज्या उंचीवर बाहेर आले, त्या उंचीला धरून वाडी वसली. धागाकर्त्यांनी गेरूविषयी लिहिलेले वाचताना मला हेच आठवले. दगड निराळा, काम तेच.

हापूसविषयी मात्र सांगितले पाहिजे, कारण कातळाचे सर्वांत मोठे उत्पन्न तेच आहे. कातळात खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचे. पहिली काही वर्षे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून घालावे लागते. पुढे मुळे जांभ्याच्या भेगांतून वाट काढतात आणि झाड स्वतःच्या पायावर उभे राहते. पाणी तुंबत नाही, हा कातळाचा दोष कलमाला मानवतो. भातासाठी निरुपयोगी म्हणून भाऊबंदकीत ज्याच्या गळ्यात सडा मारला, त्याचे नातू आज बागायतदार आहेत, अशी उदाहरणे आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. आणि जिथे कलम नाही तिथे चिरेखाण. चिरा काढून झाल्यावर उरलेला चौकोनी खड्डा पावसाळ्यात तळ्यासारखा भरतो आणि काही ठिकाणी गावे आता त्याच पाण्यावर उन्हाळा काढतात.

आणखी एक आठवण. आमच्या लहानपणी भात झोडून झाले की घाटावरून धनगरांचे वाडे उतरत असत. घोड्यावर संसार, मागे मेंढरांचा कळप. मोकळ्या झालेल्या खाचरात मेंढरे रात्रभर बसवायची आणि त्याबद्दल रात्रीच्या हिशेबाने भात मोजून द्यायचे, असा रिवाज होता. सकाळी खाचर लेंडीने काळे झालेले असे. मेंढरू कोकणातील पावसात टिकत नाही, त्याच्या खुरांना चिखल सोसत नाही. म्हणून वळिवाची चाहूल लागताच वाडे पुन्हा घाट चढून जात. तेव्हा ते कुठे जातात हे आम्हांला ठाऊक नव्हते.

पाभरधारी · ५ मे, रात्री ८.४०

सड्यावरचा, ते आमच्याकडे येतात. म्हणजे आमच्या आणि माणदेशाच्या माळांवर. जो कोरडेपणा आम्हां शेतकऱ्यांचा शाप, तोच मेंढरांचा आसरा. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना एकच कळप वापरतो आणि दोन्ही बाजूंच्या उणिवांतून स्वतःचे वर्ष पुरे करतो. शेतकऱ्याला असे करता येत नाही. त्याची जमीन चालत नाही.

माझे गाव मंगळवेढ्याजवळ आहे. इथे पाणी थांबते ते ना विहिरीत, ना तळ्यात. ते मातीत थांबते. आमची काळी माती खोल आहे आणि चिकण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या अशा की गुराख्याची काठी आत गेली तर हाताला लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि आत गेलेले पाणी आतच कोंडले जाते. म्हणून इथले जाणते शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालत राहतात आणि परतीच्या पावसानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाभरीने ज्वारी पेरतात. त्यानंतर मालदांडी ज्वारीला एकही पाऊस मिळाला नाही तरी ती मातीतील ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर पोटरीत येते, निसवते आणि हुरड्याला तयार होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कागदावर ज्वारीचे नाव असले तरी मानांकन खरे तर मातीला मिळाले आहे, असे मी मानतो. बाहेरच्यांना दाणा दिसतो; आम्हांला कडबाही तितकाच मोलाचा, कारण गोठ्यातली जनावरे त्यावर उन्हाळा काढतात.

पण हीच माती वीतभर खोल असेल, म्हणजे खाली लगेच मुरूम असेल, तर तिला आम्ही बरड म्हणतो आणि तिथे हे गणित चालत नाही. एकाच शिवारात, एका बांधाच्या अलीकडे खोल काळी आणि पलीकडे बरड, अशी स्थिती असते. लग्न जुळवताना ‘जमीन किती’ या प्रश्नामागोमाग ‘काळी किती’ असे विचारले जात असे, ते उगाच नव्हे.

आडवा_विचार · ६ मे, सकाळी ११.०५

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे. तरीही एक गोष्ट खटकते. जमीन ठरवते, थर ठरवतो, उतार ठरवतो, असे म्हणत गेलो की माणसांनी घेतलेले निर्णय दृष्टिआड होतात. सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस साडेपाचशे मिमीच्या आसपास आहे. तिथल्या भूरूपाला विचारले असते, तर त्याने ज्वारी, करडई आणि हरभरा सांगितला असता. प्रत्यक्षात तो जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा आहे, कारण १९८० साली भीमेवर उजनी धरण झाले आणि त्यात ११७ टीएमसी पाणी साठू लागले. मंगळवेढ्याच्या त्या सुप्रसिद्ध काळ्या रानातही पाणी पोहोचले तिथे ज्वारी मागे हटली, हे पाभरधारींना माझ्याहून अधिक ठाऊक असेल.

कोयनेचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे ती स्वभावाने देशाकडची नदी. परंतु तिच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकणचा उभा कडा आहे आणि कड्यावरून पाणी सोडले की वीज मिळते. म्हणून दरवर्षी सुमारे ६७ टीएमसी पाणी बोगद्यांतून कोकणातल्या पोफळी गावाकडे उतरवले जाते आणि वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. त्याआधी १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, तेव्हा भीमेच्या खोऱ्यातील पाणी अशाच रीतीने मुंबईच्या गिरण्यांसाठी पश्चिमेला वळवले गेले. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच कड्याच्या उंचीतून उभ्या राहिलेल्या धरणाविरुद्ध. कडा निसर्गाचा, पण पाणी कोणाकडे जाणार हा निर्णय माणसांचा.

शेवटचे उदाहरण बीडच्या बालाघाट डोंगररांगेतील कोयत्याचे. दसऱ्यानंतर नवराबायकोची जोडी, म्हणजे ‘एक कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जाते. डोंगराळ, हलक्या जमिनीमुळे त्यांना गाव सोडावे लागते, हे अर्धे सत्य आहे. दुसरे अर्धे असे की तितक्याच कोरड्या दुसऱ्या तालुक्यात कालवा नेला गेला आणि यांच्याकडे नेला गेला नाही.

भूजलवेडा · ६ मे, रात्री ९.३०

आक्षेप मान्य आहे. ‘ठरवते’ हे क्रियापद मी सैलपणे वापरले. जमीन काही गोष्टी सोप्या करते आणि काही महाग करते, इतकेच म्हणायला हवे होते. मात्र महाग झालेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी चुकती करतच असते. उजनीच्या लाभक्षेत्रात काळ्या मातीला सतत पाणी देत राहिल्याने काही रानांवर क्षारांचा पांढरा थर धरू लागला आहे. ती माती पाणी कोंडून धरते, हा पाभरधारींनी सांगितलेला तिचा गुण. बारमाही पाटपाण्याखाली तोच तिच्या मुळावर येतो. तुमच्या मुद्द्याला हे उत्तर नव्हे, त्याला जोडलेले शेपूट समजावे.

पूर्वेकडची_वाट · ७ मे, दुपारी ४.२०

माझे यजमान नोकरीनिमित्त शिलाँगला आणि त्यानंतर जोरहाटला असल्याने ईशान्येत आमची अकरा वर्षे गेली. धाग्याचे शीर्षक वाचून चेरापुंजी, म्हणजे तिथल्या भाषेत सोहरा, डोळ्यांपुढे उभे राहिले.

वर्षाला अकरा हजार मिमीहून अधिक पाऊस पडणारे हे गाव. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिमी पाऊस नोंदवला गेला, तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. बंगालच्या सपाट मैदानावरून आलेले ढग खासी पठाराच्या दक्षिण कड्याला एकदम धडकतात. आपल्या घाटमाथ्यासारखेच, पण मध्ये कोकणासारखी पट्टीही नाही. आम्ही प्रथम गेलो तो जानेवारी महिना होता आणि रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या डब्यांची रांग लावून बायका पाण्यासाठी बसल्या होत्या. मला वाटले, नळाची काही दुरुस्ती चालू असेल. घरमालकिणीने सांगितले की हिवाळ्यात असेच असते. पठारावर माती जवळजवळ उरलेली नाही, खाली चुनखडी आणि वालुकाश्म, त्यात गुहा आणि भेगा. पडलेले पाणी काही तासांत कड्यावरून मैदानात पोहोचते. धागाकर्त्यांच्या भाषेत सांगायचे, तर अडवणारा थरच नाही.

परंतु कड्याखालच्या उतारांवर निराळे जग आहे. तिथे सुपारी, विड्याची पाने, संत्री होतात आणि रबराच्या झाडांची मुळे ओढ्यापलीकडे वळवून माणसांनी जिवंत पूल वाढवले आहेत. इतक्या पावसात बांबूचा पूल फार काळ टिकत नाही. वाढणारा पूल टिकतो. सड्यावरचा यांनी वाडीचा जो क्रम लिहिला आहे, तो वाचताना मला हीच गावे दिसत होती.

जोरहाटहून फेरीने माजुलीला जाता येते. ब्रह्मपुत्रेतील हे बेट दरवर्षी थोडे थोडे नदीत जाते. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने हिमालयाच्या बाजूचे डोंगर ढासळले, तो गाळ नदीच्या पात्रात उतरला आणि तेव्हापासून नदी उथळ होऊन काठ खाऊ लागली, असे तिथे सर्वजण सांगतात. मिसिंग लोकांची घरे खांबांवर असतात. पुराचे पाणी खालून जाते, माणसे वर राहतात, डुकरे आणि कोंबड्यांना आधीच वर घेतलेले असते. एका आजींना मी विचारले की दरवर्षी पूर येतो, तर दुसरीकडे का जात नाही. त्या म्हणाल्या, पूर आला नाही तर शेतात घालायला नवी माती कुठून आणायची?

दोन_वाळवंटे · ८ मे, सकाळी ६.३०

सैन्यातील अभियंता म्हणून मी जैसलमेर आणि लेह या दोन्ही ठिकाणी राहिलो. पाऊस दोन्हीकडे नगण्य. जैसलमेरला २०० मिमीच्या आतबाहेर, लेहला १०० च्या आसपास.

जैसलमेरकडे खोलवरचे भूजल बहुतांशी खारे आहे. पण काही भागांत वाळूखाली जिप्समचा एक पट्टा आहे. वाळूतून झिरपलेले पावसाचे गोडे पाणी त्या पट्ट्यावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद विहीर त्या पट्ट्यापर्यंत खोदायची, तिला ‘कुईं’ म्हणतात. पाणी त्यात दिवसभरात दोन-तीन घागरी जमते. पट्टा फोडला की विहीर गेली. खोल जाण्याचा मोह आवरणे, हीच त्या कारागिरीतील विद्या आहे. पालीवाल ब्राह्मणांनी रूढ केलेल्या खडीनमध्ये उताराला आडवा लांब बांध घालून पाणी मातीत जिरवतात आणि मग ओलीवर गहू-हरभरा घेतात. मंगळवेढ्याचेच तंत्र, फक्त तिथे खोल माती निसर्गाने दिली आणि इथे बांधाने साठवली.

लेहमध्ये पाणी थांबते ते थंडीने. साडेतीन हजार मीटर उंचीवर हिमनद्यांचे पाणी ओढ्यांना जूनमध्ये भरपूर येते, पण जवाची पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करायची असते. हे दीड-दोन महिन्यांचे अंतर हीच तिथल्या शेतीची खरी अडचण आहे. चेवांग नॉर्फेल या अभियंत्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या, सावलीतल्या उतारांवर अडवून गोठवले. जागा कमी उंचीवर असल्याने तो बर्फ हिमनदीच्या आधी, नेमका पेरणीला वितळतो. पाण्याची पाळी ठरवणारा ‘चुरपोन’ दरवर्षी गाव नेमते आणि त्याचा शब्द चालतो. मला तो आपल्याकडील फड पद्धतीतल्या (खानदेशातील सामुदायिक सिंचनातल्या) पाटकऱ्यासारखा वाटला.

झाडीपट्टी · ८ मे, रात्री १०.००

आतापर्यंत सारी चर्चा पश्चिमेकडेच झुकलेली आहे, हे नम्रपणे नोंदवतो. राज्याच्या पूर्व टोकाला लाव्हा पोहोचलाच नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाइस आहे. पाऊस तेराशे मिमीच्या आसपास, पण दगड पाणी आत घेत नाही. मग आमच्या पूर्वजांनी ते वरच साठवले. जमीन हलक्या चढउतारांची असल्याने दोन टेकाडांमध्ये मातीची पाळ घातली की तलाव होतो. कोहळी समाजाने असे हजारो तलाव बांधले; नवेगावबांध हा त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला. पाळीतून पाणी सोडण्याच्या दगडी तोंडाला आम्ही तुडूम म्हणतो. तलावाखाली धानाची बांधी, तलावात ढिवरांची मासेमारी, गाळपेरात भाजीपाला, कडेला उन्हाळ्यात गुरे. एका पाळीवर चार धंदे उभे असत. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० नंतर संपली, तलाव सरकारजमा झाले, नावापुढे ‘माजी’ लागले आणि गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे. आडवा_विचार यांचा मुद्दा इथे पटतो. पाळ दगडाने फुटली नाही, मालकी बदलल्याने फुटली.

मानशीवरचो · ९ मे, सकाळी ९.१५

गोव्यातून एक लहानशी पुरवणी. आमच्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त, शेतात प्रयत्न पाणी थांबवण्याचा नसून ते बाहेर ठेवण्याचा असतो. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि पावसाचे पाणी ओहोटीला मानशीच्या (बांधातील पाणदाराच्या) दारांतून बाहेर सोडायचे. दारे अशी बसवलेली की भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात. आत कोरगुट हे खारवट जमिनीत येणारे भात आणि मानशीच्या तोंडाशी जाळे. मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. माशाचा भाव वाढल्यापासून कोणी मुद्दाम दार उघडे ठेवून खारे पाणी आत घेतो आणि शेजाऱ्याचे भात जळते. दरवर्षीची भांडणे त्यावरूनच होतात.

माणदेशी_पाव्हणा · १६ मे, रात्री ८.०५

उशीर झाला, क्षमस्व. लग्नसराई होती. सांगितल्याप्रमाणे दोन्ही विहिरी पाहिल्या. वहीतले तसेच्या तसे लिहितो.

वरची विहीर: दीड परस माती आणि मुरूम. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा भुसभुशीत दगड, जवळजवळ तीन परस. चुलते त्याला मांजऱ्याच म्हणाले. मग लाल पट्टा, बरोबर एक हात. पट्ट्याच्या वरच्या कडेने विहिरीला जवळपास अर्धा वेढा घालून ओल सुटली आहे आणि दोन ठिकाणी बोटभर धार आहे. पट्ट्याखाली कोरडा काळा दगड, तिथे फक्त साठवण.

खालची विहीर: एक परस गाळमाती, थोडा मुरूम आणि त्याखाली तळापर्यंत सलग काळा पाषाण. लाल पट्टा कुठेही नाही. मांजऱ्या नाही.

नळीने लेव्हल काढली. खालच्या विहिरीचा काठ वरच्या काठापेक्षा बत्तीस फुटांनी खाली आहे. म्हणजे वरच्या विहिरीत जो लाल पट्टा सुमारे सत्तावीस फुटांवर आहे, तो खालच्या विहिरीच्या काठाच्याही वर, हवेत येतो. मी दोन्ही विहिरींमधल्या तालीवर (उतारावरच्या बांधावर) त्या उंचीला शोधले, तर ओघळीच्या कडेला तोच लाल पट्टा उघडा पडलेला आहे आणि त्या रेषेत तीन उंबर आहेत. लहानपणापासून त्या उंबरांखाली आम्ही डबे सोडून जेवत आलो आहोत.

भूजलवेडा · १६ मे, रात्री ९.२०

तर मग तुमच्या आजोबांनी पाण्याच्या थरात विहीर खोदली आणि वडिलांनी त्या थराच्या खाली. पाणी उताराकडे जाते हे खरे, पण ते गेरूच्या उताराने जाते आणि तालीत बाहेर पडून उंबरांना मिळते. खालच्या विहिरीत बोअर घेतल्यास काय लागेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कदाचित खाली आणखी एखादा मांजऱ्या असेल. वरच्या विहिरीत मात्र उभे बोअर मुळीच घेऊ नये. गेरू फुटला आणि खाली भेगाळ दगड असला, तर आज मिळणारे पाणीही निघून जाईल. दोन_वाळवंटे यांनी कुईंविषयी लिहिले आहे, ते चुलत्यांना वाचून दाखवावे. पाणी वाढवायचेच असेल, तर पट्ट्याच्या वर, मांजऱ्यात, डोंगराच्या दिशेने आडवी बोअर घ्यावीत आणि वरच्या माळावर समपातळी चर खोदून पाऊस मुरवावा.

माणदेशी_पाव्हणा · १७ मे, सकाळी ७.१०

वाचून दाखवले. चुलते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की तीन उंबर एका ओळीत का आहेत, हे आपल्या आज्ज्याने आपल्याला एकदा सांगितले होते, पण तेव्हा घाई होती. बोअरच्या गाडीवाल्याकडे दिलेले पाच हजार परत मिळणार नाहीत. आडव्या बोअरचा भाव आज विचारायला जातो आहोत.